लाल थराचा हिशेब

गौरी-गणपतीला गावी गेलेलं लालबाग-परळचं कुटुंब आठवड्याभराने परततं. दार उघडल्यावर कोंदट वास येतो, पंख्यावर धूळ दिसते, हे नेहमीचंच. पण ज्यांच्या दिवाणखान्यात समुद्री टाकी आहे, त्यांची नजर आधी तिकडे जाते. निघताना पांढरीशुभ्र असलेली वाळू आता मरून रंगाची झालेली असते. खडकांच्या कडांवरून त्याच रंगाचे पापुद्रे लोंबत असतात आणि पंपाच्या झोतात हलत असतात. मासे ठणठणीत, उलट थोडे लठ्ठच. त्यांना खायला घालायचं काम शेजारच्या मुलाकडे दिलेलं असतं. ‘दिवसातून एकदा, चिमूटभर’ असं चार वेळा बजावलेलंही असतं. पण मासा काचेपाशी आला की मुलाला तो उपाशी वाटतो, आणि मासा तर दिवसभर काचेपाशीच असतो.

या थराला मुंबईतले टाकीवाले ‘सायनो’ म्हणतात. पूर्ण नाव सायनोबॅक्टेरिया. समुद्री टाकी ठेवणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या वाट्याला तो एकदा तरी येतो. मग ठरलेला क्रम सुरू होतो. घाबरून दुकानात फोन, दुकानदाराने सुचवलेली बाटली, दोन दिवसांत लख्ख झालेली वाळू आणि महिन्याभरात पुन्हा तोच रंग. दुसऱ्या बाटलीनंतर काहीजण टाकीच विकून टाकतात. बाल्कनीत उलट्या ठेवलेल्या, कडेला मिठाचे पांढरे ओघळ सुकलेल्या टाक्या मी दादरपासून गिरगावापर्यंत पुष्कळ पाहिल्या आहेत. त्यातल्या बऱ्याच या थरापायी रिकाम्या झालेल्या.

दादरला एक तरुण घरोघरी जाऊन टाक्या साफ करून देतो. या धंद्यात त्याला ‘मेंटेनन्सवाला’ म्हणतात. गणपतीनंतरचे दिवस आणि मे महिन्याची सुट्टी संपल्यानंतरचे दिवस हा त्याचा हंगाम. एका दुपारी लालबागच्या एका नव्या टॉवरमध्ये तो काम करत असताना मी शेजारी बसून होतो. चाळीच्या जागी उभी राहिलेली ही इमारत. घर बाराव्या मजल्यावर, मालक बँकेत नोकरीला. टाकी चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच.

त्याने आधी सगळे पंप बंद केले. पाणी स्थिर झालं तसे थरावरचे बुडबुडे स्पष्ट दिसू लागले. टाचणीच्या डोक्याएवढे शेकडो बुडबुडे, थराला चिकटून बसलेले. कुठे एखादा सुटून वर यायचा आणि त्याबरोबर थराचा छोटा तुकडाही तरंगत यायचा. मग त्याने एक बारीक पारदर्शक नळी घेतली, एक टोक जमिनीवरच्या बादलीत सोडलं, दुसरं थराच्या कडेला टेकवलं आणि बादलीकडच्या टोकाने पाणी ओढून घेतलं. थर दुधावरच्या सायीसारखा अख्खाच्या अख्खा उचलला गेला. खालची वाळू जशीच्या तशी पांढरी होती. बादलीच्या तोंडाशी कापडी पिशवी बांधलेली होती. पाणी गाळून खाली जात होतं आणि पिशवीत लाल लगदा साठत होता. त्याला दलदलीचा वास होता. ‘हा पापुद्रा सुटतो ना, त्यावरून ओळखायचं. शेवाळ असं सुटत नाही, ते खडकाला धरून बसतं,’ तो म्हणाला. नखाने खरवडून त्याने ते दाखवलंही. मागच्या काचेवरचं हिरवं शेवाळ जागचं हललं नाही.

*

सायनोबॅक्टेरियाची गणना बराच काळ शेवाळात होत आली. शाळेच्या पुस्तकांतून त्यांची ओळख नील-हरित शैवाल अशीच होते. पण हे जिवाणू आहेत. सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून प्राणवायू बाहेर टाकायची युक्ती पृथ्वीवर पहिल्यांदा यांना साधली. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी वातावरणात प्राणवायू साठू लागला तो यांच्यामुळे. वनस्पतींच्या पेशींतलं हरितद्रव्याचं कोठारही मुळात अशाच एका जिवाणूचं वंशज. लालबागच्या टाकीतले ते बुडबुडे म्हणजे तोच प्राणवायू. म्हणून दिवे लागल्यावर काही तासांनी थर बुडबुड्यांनी भरतो, दाट होतो. रात्री विरतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा जागेवर. नवख्या मालकाला सकाळी वाटतं, गेलं! ऑफिसातून परतल्यावर कळतं, गेलं नव्हतं.

लाल रंग येतो फायकोएरिथ्रिन या रंगद्रव्यामुळे. हिरव्या-निळ्या प्रकाशाचा जो भाग पानातल्या हरितद्रव्याला नीट वापरता येत नाही, तो हे द्रव्य पकडतं. प्रवाळ ठेवलेल्या म्हणजे रीफ टाक्यांवरचे दिवे निळसर असतात, प्रवाळांना तोच प्रकाश मानवतो, आणि सायनोलाही तो चालतो. तांबड्या समुद्राला ते नाव ज्याच्यामुळे पडलं असावं असं मानतात, तो ट्रायकोडेस्मियम याच कुळातला. उन्हाळ्याच्या सुमारास आपल्या अरबी समुद्रातही तो तवंगासारखा वर येतो. लाकडाच्या भुशासारखे पट्टे पाण्यावर मैलोन्‌मैल पसरतात.

आणि हाच जीव कोकणातल्या भातखाचरात शेतकऱ्याच्या उपयोगी पडतो. यातल्या अनेक जाती हवेतला नायट्रोजन पकडून त्याचं खत करतात. भातशेतीत नायट्रोजनचा साठा टिकतो तो नील-हरित शैवालामुळे, हे पी. के. डे यांनी १९३९ साली दाखवून दिलं. पुढे भातासाठी त्यांची खतं तयार झाली. मुंबईच्या जवळ वज्रेश्वरीच्या गरम पाण्याच्या झऱ्यांतल्या शैवालांचा अभ्यास एला गोन्साल्विस यांनी १९४७ साली प्रसिद्ध केला. अंग भाजेल अशा पाण्यातही या कुळातले जीव सुखाने राहतात. टी. व्ही. देशिकाचारी यांनी १९५९ साली भारतातल्या या जिवांवर जो जाडजूड ग्रंथ लिहिला, तो जगभरचे अभ्यासक अजून उघडतात. सांगायचा मुद्दा एवढाच, की ज्याने गरम झरे पचवले, भातखाचरं पचवली आणि दोनशे कोटी वर्षं पचवली, त्याला एका बाटलीने संपवायचं म्हणणं जरा भाबडं आहे.

*

मुंबईकराला समुद्री मासे काचेआड पाहायची सवय लावली ती तारापोरवाला मत्स्यालयाने. चर्नी रोड स्टेशनसमोर, मरीन ड्राइव्हवर ते १९५१ साली उघडलं. उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी केलं. खर्च आठ लाख, त्यातले दोन लाख तारापोरवाला यांच्या देणगीचे. गिरगावातल्या शाळांची सहल इथे आली नाही असं वर्ष गेलं नसेल. २०१५ मध्ये नूतनीकरण होऊन ते पुन्हा उघडलं, आत ॲक्रिलिकचा बोगदा आला, आणि करोनाच्या काळात त्याला टाळं लागलं.

घरी मासे ठेवायचे तर क्रॉफर्ड मार्केट. महात्मा फुले मंडई हे नाव पाटीवर आहे, तोंडात नाही. तिथल्या रंगीत माशांच्या गल्लीत आधी गोल्डफिश, मग एंजल, मग ‘आरोवाना’ अशी चढण असते. समुद्री टाकी हे तिचं शेवटचं टोक. २००३ सालच्या ‘फाइंडिंग निमो’नंतर नारिंगी-पांढऱ्या क्लाउनफिशची मागणी जगभर वाढली असं म्हणतात. मुंबईतही ‘निमो आहे का?’ असं विचारत पोरं दुकानात शिरू लागली. निमो गोड्या पाण्यात जगत नाही हे बापाला दुकानात कळतं, आणि तिथून पुढे खर्चाचं मीटर सुरू होतं.

या शहरात समुद्री टाकी ठेवणं म्हणजे आधी इमारतीशी बोलणं. लालबागच्या त्या टाकीत ४५० लिटर पाणी मावतं. म्हणजे ४५० किलो झाले. काच, वाळू, खडक आणि खालचं लोखंडी स्टँड धरलं की ६०० किलोच्या पुढे. टॉवरच्या स्लॅबला हे, तेही भिंतीलगत, झेपतं. तरी घेण्याआधी इंजिनिअरला विचारणारे शहाणे. पण गिरगावातल्या लाकडी तुळयांच्या, उपकरप्राप्त चाळीत दुसऱ्या मजल्यावर हे वजन मांडायचं म्हणजे खालच्या बिऱ्हाडाच्या डोक्यावर टांगती तलवार. म्हणून तिथले शौकीन दीड-दोन फुटी टाकीवर भागवतात. छोटी टाकी दिसायला सोपी, सांभाळायला अवघड. पाणी थोडं, म्हणून एक चमचा जादा खाणं तिथे लगेच दिसतं. सायनोच्या सगळ्यात जास्त तक्रारी या छोट्या टाक्यांच्या असतात, असं मेंटेनन्सवाल्याचं निरीक्षण.

मग पाणी. समोर अख्खा अरबी समुद्र असताना गिरगाव चौपाटीचं पाणी बादलीने का आणू नये, असा प्रश्न प्रत्येकाला पडतो. नये. शहराचं सांडपाणी नाल्यांतून आणि वरळी, वांद्र्याच्या तीन किलोमीटरहून लांब नळांतून याच समुद्रात जातं. वर पावसाळ्यातला गाळ वेगळा. त्यामुळे गोडं पाणी घेऊन त्यात तयार समुद्री मीठ मिसळतात, लिटरला साधारण ३५ ग्रॅम. चारशे-साडेचारशे लिटरच्या टाकीला पहिल्यांदा पंधरा किलोच्या आसपास मीठ लागतं.

गोडं पाणी तरी कुठून? मुंबईला सात तलावांचं पाणी येतं, सह्याद्रीच्या पावसाचं; त्यात क्षार कमी. पिण्याला उत्तम. टाकीला मात्र त्यातलं क्लोरीन, इमारतीच्या टाकीतला आणि गंजक्या पाइपातला ऐवज, थोडं फॉस्फेट, थोडी सिलिका हे काहीच नको असतं. म्हणून आरओ आणि त्यापुढे रेझिनचं नळकांडं. यंत्र एक बादली शुद्ध पाणी देताना तीन-चार बादल्या सोडून देतं. पाणी पहाटे तास-दीड तास येणाऱ्या घरात याचा अर्थ काय होतो ते गृहिणीला विचारावं. लालबागच्या त्या घरी हे सोडलेलं पाणी एका पिंपात साठतं आणि फरशी पुसायला, कपडे भिजवायला वापरलं जातं. ही अट घरच्या वहिनींनी टाकी घ्यायच्या आधीच घातली होती. रेझिन संपलं की पाण्यात फॉस्फेट आणि सिलिका गुपचूप येऊ लागतात. नव्या टाकीवर तपकिरी धूळ धरते, आणि तिच्या मागोमाग लाल थर. रेझिन बदलायला विसरणं हे सायनोचं एक मोठं आणि अगदी घरगुती कारण.

वीज हा त्या मानाने सुखाचा भाग. शहर भागात बेस्टची वीज सहसा जात नाही. त्यामुळे १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी ग्रिड बंद पडून मुंबई अंधारली तेव्हा टाकीवाल्यांची जी धावपळ झाली, तिची गोष्ट अजून रंगवून सांगितली जाते. लोकल थांबल्या, आणि घरोघरी पंपही थांबले. पंप थांबला की पाण्यातला प्राणवायू घटतो. लोक मग कपाने पाणी उचलून वरून ओतत बसले. बॅटरीवर चालणारे हवेचे पंप त्यानंतर खपले.

*

आता हिशेब. सायनोला तीन गोष्टी लागतात: खाणं, संथ पाणी आणि प्रकाश. खाणं म्हणजे मुख्यतः फॉस्फेट आणि नायट्रेट, जे माशांच्या खाण्यातून आणि विष्ठेतून येतं. गोठवलेल्या आर्टेमियाच्या वड्या तशाच टाकल्या तर वितळलेलं पाणीही आत जातं आणि त्यात फॉस्फेट असतं. चहाच्या गाळणीत वडी वितळवून धुऊन टाकली तर बराच फरक पडतो. संथ पाणी म्हणजे खडकामागचे कोपरे, जिथे झोत पोचत नाही आणि कचरा साचतो. थर पहिल्यांदा तिथेच धरतो. पंपाचं तोंड नुसतं फिरवून निम्मा थर गेल्याची उदाहरणं आहेत. प्रकाशाचं म्हणाल तर दिवे बारा-बारा तास चालू ठेवण्याची आपल्याकडे हौस. पाहुणे रात्री येतात, मग टाकी रात्री उजळलेली हवी. आठ-नऊ तास पुरतात.

इथवर सगळं सोपं वाटतं: खाणं कमी करा, घाण काढा. गोची पुढे आहे. टेस्ट किटमध्ये नायट्रेट शून्य दिसतंय, मालक खूश आहे, आणि थर मात्र वाढतोच आहे, असं पुष्कळदा होतं. अमेरिकन शास्त्रज्ञ आल्फ्रेड रेडफिल्ड यांनी १९३४ साली दाखवलं की समुद्रातल्या सूक्ष्म जिवांच्या अंगात नायट्रोजन आणि फॉस्फरस यांचं प्रमाण ठरावीक असतं; अणूंच्या हिशेबात १६ ला १ हा आकडा पुढे रूढ झाला. टाकीत नायट्रेट संपलं आणि फॉस्फेट उरलं तर साधं शेवाळ, प्रवाळ, इतर उपयोगी जिवाणू सगळे नायट्रोजनवाचून अडतात. अडत नाही तो सायनोच. भातखाचरातला तोच गुण इथे उपटतो: पाण्यात नाही तर हवेतून घेऊ. साफसफाईचं वेड असलेल्या माणसाने प्रतिस्पर्धी उपाशी मारले, आणि मैदान याला मोकळं करून दिलं. म्हणून जाणते टाकीवाले आज शून्याच्या मागे लागत नाहीत. नायट्रेट दहा लाखांत पाच-दहा भाग, फॉस्फेट ०.०३ ते ०.१ च्या दरम्यान, आणि मुख्य म्हणजे रोज तेवढंच. काहीजण तर नायट्रेट विकत आणून टाकतात. हे ऐकून लालबागच्या मालकांनी मेंटेनन्सवाल्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती पाहण्यासारखी होती.

माझ्या मते सायनोला रोग म्हणणंच चूक आहे. तो टाकीत काय जास्त झालं आणि काय कमी पडलं याची पावती आहे. पावती फाडून उधारी फिटत नाही.

*

पण बाटल्या विकल्या जातात, कारण त्या चालतात. त्यातलं सगळ्यात हमखास औषध म्हणजे एरिथ्रोमायसिन, माणसांच्या घशाला देतात तेच. ते जिवाणूंच्या पेशीतलं प्रथिनं बनवणारं यंत्र बंद पाडतं. सायनो जिवाणू असल्याने दोन-तीन दिवसांत मान टाकतो. खरं शेवाळ जागच्या जागी राहतं. परळच्या एका महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणाऱ्या बाईंना मी हे विचारलं तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, ‘ते पाणी कुठे ओतता?’ मोरीत. मोरीतून गटारात. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय देऊ नये असं औषध दिवाणखान्यात शंभर-शंभर लिटरच्या हिशेबाने घोळवायचं आणि मग शहराच्या सांडपाण्यात सोडायचं, म्हणजे औषधाला न जुमानणारे जिवाणू पाळण्यासारखंच, असं त्यांचं म्हणणं. शिवाय मेलेला थर कुजतो, कुजताना प्राणवायू खातो, आणि पहाटे मासे पृष्ठभागाशी तोंड उघडून उभे दिसतात. ज्यांना औषध वापरायचंच असतं ते आधी नळीने जमेल तेवढा थर काढून टाकतात आणि हवेचा पंप रात्रंदिवस चालू ठेवतात. इतकं करायचं तर औषध कशाला, हा प्रश्न उरतोच.

तीन दिवस टाकीवर काळा कपडा टाकून पूर्ण अंधार करणं हा बिनखर्ची उपाय. प्रवाळ तीन दिवस निभावून नेतात, सायनो बराचसा झडतो. कपडा काढल्यावर मूळ कारण तसंच असेल तर तोही परततो.

एक उपाय मात्र मुंबईतच मजेदार ठरावा असा आहे: व्होडका. पाण्यात अल्कोहोलचे मोजके थेंब रोज टाकले की ते खाऊन उपयोगी जिवाणू वाढतात, वाढताना नायट्रेट-फॉस्फेट ओढून घेतात आणि फेस काढणाऱ्या स्किमरमधून बाहेर पडतात. पद्धत जगभर रूढ आहे. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने महाराष्ट्रात दारू प्यायला अजूनही परवाना लागतो. प्रवाळाला पाजायला लागतो का, हे कायद्यात नाही. गिरगावातल्या एका सोवळ्या घरात देव्हाऱ्याच्या पलीकडच्या कपाटात व्होडकाची क्वार्टर माशांच्या नावाने ठेवलेली मला दाखवण्यात आली. आजींचा विश्वास बसलेला नव्हता. पुढे तिथे व्हिनेगर आलं, काम तेच करतं. हात सढळ झाला तर मात्र दुसरंच संकट: पाणी दुधाळ होतं, पाइपांत पांढरा बुळबुळीत लगदा धरतो. लाल जिवाणू घालवायला गेलं आणि पांढरे पाळून बसलं, अशी गत. मग थेंब थांबवायचे, हवा वाढवायची आणि वाट पाहायची.

यात सगळ्यात महागात पडते ती ओळखण्यातली चूक. तपकिरी, शेंबडासारखे तंतू लोंबत असतील आणि त्यांच्या टोकाला बुडबुडे असतील तर ते सायनो नसून डायनोफ्लॅजेलेट असू शकतात. त्यातल्या ऑस्ट्रिऑप्सिससारख्या जाती विषारी असतात, टाकीतल्या गोगलगायी पटापट मरतात. आणि ते फोफावतात नेमके नायट्रेट-फॉस्फेट दोन्ही शून्यावर आलेल्या, जरुरीपेक्षा स्वच्छ टाकीत. म्हणजे सायनो समजून खाणं तोडलं, पाणी बदललं, की ते वाढतात. शाळकरी सूक्ष्मदर्शक इथे बाटलीपेक्षा स्वस्त पडतो. थेंब काचेवर घेऊन चारशेपट मोठा करून पाहिला की सायनोचे सरळ धागे दिसतात, काही सावकाश सरकणारेसुद्धा. डायनो असतील तर लंबगोल पेशी गरगर फिरताना दिसतात. पाच मिनिटांचं काम आहे. मेंटेनन्सवाल्याच्या पिशवीत तो असतो. दुकानांत मी एकाही ठिकाणी पाहिला नाही.

आणि एक धोक्याची गोष्ट, जी दुकानात सांगत नाहीत. थर धरलेला खडक ‘निर्जंतुक’ करायला उकळत्या पाण्यात टाकू नये. खडकावर झोअँथिड असतील, ती बटणांसारखी सुंदर रंगीत फुलं, तर त्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन असतं. हवाई विद्यापीठातल्या मूर आणि शॉयर यांनी १९७१ साली ते वेगळं केलं. निसर्गातल्या सगळ्यात जहाल विषांपैकी ते एक आहे. वाफेतून ते श्वासात गेल्याने अख्खी कुटुंबं रुग्णालयात गेल्याच्या घटना परदेशांत नोंदल्या आहेत. घासतानाही हातमोजे आणि चष्मा हवा. आपली स्वयंपाकघरं एवढीशी, त्यात हा प्रयोग नकोच.

*

ज्या प्रवाळांसाठी हा सगळा खटाटोप, त्यांच्याबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. २००१ सालच्या अधिसूचनेने खडक बांधणारे सगळे कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आले, वाघाच्या रांगेत. समुद्रघोडाही त्याच वर्षी आला. मालवणच्या किंवा लक्षद्वीपच्या समुद्रातून तोडलेला कठीण प्रवाळ दिवाणखान्यात असणं हा गुन्हा आहे, दुकानदार ‘बाहेरचा माल आहे’ म्हणाला तरी कागद मागावा. लालबागच्या टाकीत मऊ प्रवाळ आणि झोअँथिड आहेत. देखणं दिसायला तेवढं पुरतं.

गंमत अशी की प्रवाळ बघायला टाकीच लागते असं नाही. हाजी अलीला, वरळीला, मरीन ड्राइव्हला ओहोटीच्या वेळी खडकांवर ते आहेत. कोस्टल रोडच्या कामाच्या वेळी, २०२० साली, हाजी अली आणि वरळी इथल्या १८ वसाहती राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली उचलून दुसरीकडे बसवल्या गेल्या. सगळ्या मिळून अर्धा चौरस मीटरही नव्हत्या, पण पहिल्या अनुसूचीतल्या असल्याने वनखात्याची परवानगी लागली. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा उपक्रम २०१७ पासून लोकांना ओहोटीत किनाऱ्यावर नेऊन हे दाखवतो. गढूळ पाणी, वर शहराचं सांडपाणी, आणि तिथे झोअँथिडांचे हिरवे गालिचे. घरच्या टाकीत फॉस्फेटचा आकडा दशांशाने चुकला तर आपण हबकतो. इथे कुणी मोजतही नाही. भरती-ओहोटीचा जोर दिवसातून दोनदा सगळं खंगाळून काढतो, हे त्याचं एक कारण असावं.

मोकळ्या समुद्रात मात्र सायनो प्रवाळांना खरोखर मारू शकतो. अर्नफ्रीड अँटोनियस यांनी १९७३ साली बेलीझ आणि बर्म्युडाच्या प्रवाळांवर काळा पट्टा सरकताना पाहिला. पट्टा पुढे जातो, मागे उघडा पांढरा सांगाडा उरतो. त्या पट्ट्यातला मुख्य जीव सायनोबॅक्टेरियाच. त्याच्या थराखाली प्राणवायू संपतो, सल्फाइड साठतं आणि प्रवाळाची ऊती मरते. कोमट पाणी आणि सांडपाण्यातलं पोषण त्याला मानवतं. लालबागच्या टाकीत जे काम शेजारच्या मुलाची चिमूट करते, ते तिथे किनाऱ्यावरची गावं करतात.

लालबागच्या घरी मी नंतर पुन्हा गेलो. बाटली आणलेली नव्हती. पंपांची तोंडं बदलली होती, रेझिन नवं होतं, दिव्यांना टायमर लागला होता. दर रविवारी नळीने थर काढायचं काम मालक आता स्वतः करतात. गावी जाताना शेजारच्या मुलाला खाण्याचा डबा द्यायचा नाही, रोजच्या एकेक चिमटीच्या कागदी पुड्या तारीख घालून द्यायच्या, असं ठरलंय. मुलाला ते अपमानास्पद वाटलं. थर पूर्ण गेलेला नव्हता. मागच्या कोपऱ्यात तळहाताएवढा होता आणि तेवढा राहू द्यायचा, असं मेंटेनन्सवाला म्हणतो. वाढला की कळेल, काहीतरी चुकतंय.

एवढ्या पाण्याला नऊ मासे जास्त होतात, हे मात्र त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. शेवटी मालकांनी तीन मासे पाण्याच्या पिशवीत घालून क्रॉफर्ड मार्केटला परत नेले. दुकानदाराने पिशवी उजेडात धरून पाहिली, मासे चांगले पोसलेत म्हणाला, आणि घेतल्या किमतीच्या निम्मेही पैसे दिले नाहीत.